पाच कुलुपं, दोन गच्च्या

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेसात वाजता पिवळ्या गच्चीवर एकेचाळीस कपडे वाळत होते. त्यात एकाच कंपनीचे, खिशावर नाव शिवलेले सात शर्ट, पाच साड्या, दोन दुपटी, एक शाळेचा स्कर्ट आणि बाकी बनियन, टॉवेल, मोजे. मोज्यांची जोडी एक धरली होती. मधे साडेतीन फुटांचा बोळ. बोळाच्या अलीकडे निळी गच्ची. तिच्यावर चार दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि चारींवर मिळून तीन कपडे होते. तिन्ही अभिजीतचे, निळ्या इमारतीतल्या एकुलत्या एका भाडेकरूचे.

मोजत होते भैय्याजी. निळी इमारत त्यांची. पाण्याची मोटर सुरू करायला ते रोज सकाळी जुन्या घरून इथे येत, टाकी भरेपर्यंत गच्चीवर थांबत, आणि थांबलेल्या माणसाचे डोळे जातात तिकडे त्यांचे जात.

सौंसरहून बोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर या दोन इमारती शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही पुंडलिकराव मिस्त्रीनं एकाच नकाशावरून, आठ महिन्यांच्या अंतरानं बांधलेल्या. सहा खोल्या इकडे, सहा तिकडे. खोली दहा बाय बारा, ओटा, मोरी, ज्याचा त्याचा संडास. फरक होता तो भैय्याजींच्या बाजूनंच होता. त्यांच्याकडे चकचकीत टाइल्स, पलीकडे साधी फरशी. त्यांची टाकी दोन हजार लिटरची, पलीकडची हजाराची. त्यांच्या खिडक्या सरकणाऱ्या काचेच्या, पलीकडच्या पत्र्याच्या. भाडं सारखंच. आणि तरी पिवळ्या इमारतीच्या सहा दारांवर एकही कुलूप नव्हतं आणि निळ्या इमारतीच्या सहा दारांवर पाच होती.

पिवळी इमारत सुखदेवची; तो राहायचाही तिथेच, मागच्या बाजूला. सुखदेव वीज खात्यात मीटर रीडर होता, एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. भैय्याजींच्या घरी तीन पिढ्या संत्र्याचा बगीचा. त्यातली दीड एकर झाडं डिंक्या रोगानं गेली तेव्हा ती जागा विकून त्यांनी ही इमारत उभी केली होती. म्हणजे ज्याला झाडाचं फळ बघून बाजार सांगता येत होता त्याच्या खोल्या रिकाम्या, आणि ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या घरचे आकडे लिहून नेले त्याच्या खोल्या भरलेल्या. हे भैय्याजींना जेवताना आठवे आणि घास फिरे. संध्याकाळी ते इमारतीवर असताना सुखदेव ओट्यावर बसून एखाद्या भाडेकरूबरोबर हसला की ते हसू बोळ ओलांडून नेमकं यांच्या कानात येई. त्याच्या घरच्या फोडणीचा वाससुद्धा त्यांना शिष्ट वाटू लागला होता.

त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: सुखदेव त्यांची गिऱ्हाइकं पळवतो. ही नुसती शंका नव्हती. चौदा महिन्यांत निळ्या इमारतीच्या खोल्या पाहायला एकोणीस जण आले. त्यांपैकी अकरा जण त्यांच्या गेटातून निघून सरळ पिवळ्या गेटात शिरलेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

खोली रिकामी राहिली की भैय्याजी इमारत सुधारत. पहिल्यांदा टाकी बदलली, मग खिडक्या, मग दिवाळीला बाहेरून पुन्हा रंग. ज्या विषयात ऐंशी गुण मिळतात त्याचाच अभ्यास करत बसणारं पोर असतं, तसं त्यांचं चाललं होतं. त्यांची बायको इंदू हे सगळं बघत होती. त्या सोमवारी त्यांनी जेवताना मोरीच्या टाइल्स बदलायची गोष्ट काढली, तेव्हा ती म्हणाली, "भिंतीले रंग लावला, टाकी बदलली, खिडक्या बदलल्या. आता तोंडाले काय लावता ते पाहा."

"माह्या तोंडाले काय झालं?"

"काही झालं नाही. तेच तर म्हणून राहिली." मग तिनं ताट बाजूला सरकवलं आणि हिशेबी आवाजात मुदत सांगितली. हनुमान जयंतीला ती दरवर्षी जामसांवलीला दर्शनाला जाते. तोवर थांबेन, म्हणाली. त्या दिवशी सकाळी दोनपेक्षा जास्त कुलुपं दिसली, तर किल्ल्यांचा जुडगा सुखदेवच्या बायकोच्या, वत्सलाबाईच्या हातात देऊन येईन. ती खोल्या लावून देईल, आपण तिला तिचा मेहनताना देऊ.

आपल्या इमारतीच्या किल्ल्या सुखदेवच्या घरातल्या खिळ्याला लटकलेल्या भैय्याजींना दिसल्या, आणि त्या दिवसापासून ते डोळे मिटले तरी दिसत राहिल्या.

महिनाअखेरीस संत्र्यांच्या मृग बहाराचा सौदा झाला. बगीचा पांढुर्ण्याच्या रस्त्यावर, व्यापारीही पांढुर्ण्याचाच. तो झाडांमधून फिरू लागला तसे भैय्याजी रीतीप्रमाणे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे राहिले, हात मागे बांधून. बगीचा दाखवताना मालकानं गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरायचं नसतं, मालाची तारीफ करायची नसते आणि आपणहून खोट तर कधीच सांगायची नसते. "पाहून घ्या" एवढं म्हणायचं. माल उघडा आहे, मी काही लपवत नाही, असा त्याचा अर्थ. त्यानंतर जो पहिल्यांदा बोलला तो हरला. व्यापारी चाळीस मिनिटं फिरला. फळं दाबून पाहिली, तीन वेळा आकडा बोलला, तीन वेळा भैय्याजींनी आभाळाकडे पाहिलं. चौथ्या आकड्याला त्यांनी मान हलवली. आजूबाजूच्या चार बगीच्यांपेक्षा तो भाव चांगला होता. पंचवीस वर्षांत त्यांचा एकही सौदा बोलण्यानं बिघडला नव्हता.

त्याच दिवशी दुपारी एक नवराबायको खोली बघायला आले. भैय्याजींनी दोन खोल्यांची कुलुपं काढली, गेटाजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाहून घ्या." नवराबायको तीन मिनिटांत बाहेर आले, "सांगतो" म्हणाले आणि पिवळ्या गेटात शिरले. बारा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पांढुर्ण्याला एका नातेवाइकाकडे लग्न होतं. मुक्काम करून भैय्याजी सकाळी सहाच्या बसनं परत निघाले. शेजारच्या सीटवर मांडीवर डबा आणि घडी घातलेला पांढरा कोट घेऊन एक मुलगी बसली होती. बस सुटल्यावर तिनं दोनदा त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही बोरगाव रोडवरच्या निळ्या बिल्डिंगवाले काका ना? तिचं नाव सुप्रिया. सौंसरच्या एका दवाखान्यात ती रक्त तपासायचं काम करत होती. घर पांढुर्ण्याजवळ, जांब नदीपलीकडे सावरगावात. रोज जाऊन-येऊन अडीच तास बसमध्ये जात होते. दिवाळीनंतर ती त्यांची खोली पाहून गेली होती.

भैय्याजींना चेहरा आठवला. सातवी. पिवळ्या गेटात गेलेली. त्यांनी शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं की मग सुखदेवनं खोली दिली नाही का.

"त्यांच्याकडे खोली होती कुठं, काका? मी पहिले त्यांच्याकडेच गेली होती. त्यांनीच तुमच्याकडे पाठवलं. म्हणाले, भैय्याजींची बिल्डिंग आमच्यापेक्षा चांगली आहे, टाकी मोठी आहे, तिकडे पाहा."

"मंग परत काहून गेली तिकडं?"

"सांगायले. की जमलं नाही म्हणून. त्यांनी सांगून ठेवलं होतं, जमलं-नाही जमलं ते सांगून जा."

बस एका थांब्यावर उभी राहिली. दोन बाया टोपल्या घेऊन चढल्या. टोपल्यांना जागा द्यायला भैय्याजींनी पाय आत घेतले आणि विचारलं की का जमलं नाही. सुप्रियानं जरा आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "तुम्ही गेटापाशीच उभे राहिले ना. मले वाटलं, तुम्हाले एकटी पोरगी ठेवायची नसंल. मी विचारलं, पाणी किती वाजता येते, तर तुम्ही म्हटलं, पाहून घ्या. मी सकाळी साडेसहाले निघणार, तेव्हा नळाले पाणी राहते का नाही, ते दिवसा येऊन कसं पाहू?"

पाणी. निळ्या इमारतीत दोन हजार लिटरची टाकी होती, म्हणजे नळाला चोवीस तास पाणी होतं. सबंध रस्त्यावर हे फक्त त्यांच्याकडे होतं. तिनं नेमकं तेच विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

पण सौंसरला उतरल्यावर त्यांना सलत होतं ते पाणी नव्हे. बारा माणसं सुखदेवनं पळवली नव्हती. बहुतेक त्यानंच पाठवली होती. तो चोर असता तर बरं झालं असतं. चोराचा राग करता येतो. मदत करणाऱ्याचा हेवा वाटला की तो कुठे ठेवावा हेच समजत नाही. आणि तो कमी झाला म्हणावं, तर कमीही झालेला नव्हता.

मार्चच्या पंचविसाव्या तारखेला पिवळ्या इमारतीतल्या एका भाडेकरूची बदली झाली आणि तिथे एक कुलूप लागलं. ते पाहून भैय्याजींना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी दोनदा चहा मागितला. कुलूप सव्वीस तास टिकलं. दुसऱ्या दिवशी सुखदेव एका कंपनीवाल्याला खोली दाखवत होता तेव्हा भैय्याजी आपल्या गच्चीवर टाकीच्या मागे बसून ऐकत होते. बोळ साडेतीन फुटांचा असल्यानं शब्द न् शब्द येत होता.

सुखदेव त्या माणसाबरोबर आत गेला, खिडकी उघडली आणि आधी खोट सांगितली. पाणी दिवसाआड, सकाळी पाऊण तास. दुपारी या खिडकीतून ऊन येतं, पडदा लागेल. मग विचारलं, ड्युटी कोणती, रातपाळी असते का, गाडी आहे का, घरची मंडळी कधी येणार. रातपाळी आहे म्हटल्यावर म्हणाला, मग दिवसा झोपायला रस्त्याचा आवाज त्रास देईल, पलंग या भिंतीला लावा, इकडे आवाज कमी येतो. एकूण बावीस मिनिटं. भैय्याजींनी घड्याळ लावलं होतं.

स्वतःहून खोट सांगायची! डावीकडच्या चार झाडांना डिंक्या आहे असं बगीच्यात कोणी व्यापाऱ्याला बोलून दाखवतं का? पण कुलूप निघालं होतं. भैय्याजींनी टेप आणि वही घेतली, पाचही खोल्या तपासल्या आणि खोटी लिहून काढल्या. अकरा निघाल्या. तीन दिवसांनी एक मास्तर बायकोला घेऊन आला, तेव्हा भैय्याजी त्यांच्याबरोबर आत गेले आणि अकराही खोटी क्रमानं वाचून दाखवल्या. दाराची चौकट एका बाजूनं चार मिलिमीटर खाली आहे, हेही सांगितलं. मास्तरची बायको सातव्या खोटीलाच बाहेर गेली होती.

हनुमान जयंतीला दोन आठवडे उरले होते आणि कुलुपं पाचच होती.

त्या संध्याकाळी भैय्याजी पिवळ्या गेटाशी गेले. आधी त्यांनी मोटरीच्या वायरबद्दल विचारलं, मग उन्हाळ्याबद्दल, मग वत्सलाबाईच्या गुडघ्याबद्दल. सुखदेव सगळ्याला उत्तरं देत होता आणि वाट पाहत होता. शेवटी भैय्याजी जमिनीकडे पाहून म्हणाले, "खोली कशी दाखवता तुम्ही, ते जरा सांगा न."

सुखदेव हसला नाही. याचंही भैय्याजींना वाईट वाटलं. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला की सांगून येत नाही हे, मी गिऱ्हाईक होतो, तुम्ही मालक व्हा. दोघं निळ्या इमारतीपाशी आले. सुखदेव गेटाबाहेर गेला, गेट लावून घेतलं आणि कडी वाजवली.

"खोली आहे का हो, भाऊ?"

भैय्याजींनी गेट उघडलं, कुलूप काढलं, बाजूला झाले. हात आपोआप मागे गेले. "आहे. पाहून घ्या."

सुखदेव जागचा हलला नाही. वर पिवळ्या गच्चीवर वत्सलाबाई कपडे काढत होती. ती कठड्याशी येऊन बघू लागली.

"जा न आत," भैय्याजी म्हणाले.

"नाही जाऊन राहिलो. एकतीस वर्षं मीटर पाहिले मी, भैय्याजी. दिवसाले चाळीस दारं. काही दारांत माणूस सोबत यायचा, पाणी घेता का म्हणायचा. काही दारांत बसल्याजागून म्हणत, मीटर तिथं आहे, पाहून घे. ते ऐकलं का आपल्याले समजते, लवकर पाहावं न निघावं. तुमच्या जुन्या घरचं मीटर नऊ वर्षं माह्याकडं होतं."

भैय्याजींना ते मीटर आठवलं. ओसरीत, डाव्या हाताला. वडील झोपाळ्यावर बसलेले. खाकी पिशवीवाला माणूस पायरीच्या खाली चपला काढून उभा राहायचा, आणि झोपाळा न थांबवता वडील म्हणायचे, पाहून घे. पाणी दिल्याचं आठवत नव्हतं. आपण बगीच्याची रीत पाळतो, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

हा सौदा नव्हता; जो पहिल्यांदा बोलला तो हरला, हा नियम इथे नव्हता.

"पुन्हा या, सुखदेवभाऊ," भैय्याजी म्हणाले. "गेटापासून."

सुखदेव पुन्हा बाहेर गेला. दुसऱ्या खेपेला भैय्याजी आत शिरले, पण खिडकी उघडायची विसरले. तिसऱ्या खेपेला टाकीबद्दलच इतकं बोलले की वत्सलाबाई वरून म्हणाली, "भाऊजी, त्याले खोली पाह्यजे, टाकीत नाही राहाचं त्याले." चौथ्या खेपेला ड्युटी विचारली आणि उत्तर ऐकायच्या आधीच टाइल्सकडे वळले. नापास, वत्सलाबाईनं जाहीर केलं. पाचव्या खेपेला सुखदेव म्हणाला की मी रातपाळीवाला, आणि भैय्याजी थांबले. मागची खोली उघडून म्हणाले, मग ही घ्या, रस्त्यावरची नको. मात्र इथं मोरीचं पाणी हळू जातं, ते मी दुरुस्त करून देतो. सहाव्या खेपेला त्यांनी सर्वांत आधी पाणी आणून दिलं. सुखदेवनं ते उभ्यानं पूर्ण प्यायलं आणि पेला परत दिला.

पहिली खोली कंपनीतल्या एका वेल्डरनं घेतली. मागची, रस्त्यापासून दूरची. दुसरी एका तरुण जोडप्यानं. त्यांना लहान बाळ होतं आणि सकाळी कितीही वाजता पाणी असणं त्यांना टाइल्सपेक्षा मोलाचं होतं. भैय्याजींनी तीन माणसांकडून 'नाही जमणार' असं ऐकलंही, आणि त्या तिघांना जाताना एकच सांगितलं: शेजारी सुखदेवभाऊंना कळवून जा. हे सांगताना त्यांची जीभ प्रत्येक वेळी जड झाली. आता कुलुपं तीन होती आणि हनुमान जयंतीला सहा दिवस.

त्या दुपारी सुप्रिया आली. तिला कोणी पाठवलं हे तिनं सांगितलं नाही आणि भैय्याजींनी विचारलं नाही. त्यांनी तिला पाणी दिलं, आत नेलं, खिडकी उघडली. सकाळी साडेसहाला निघणाऱ्या माणसाला पाच वाजताही अंघोळीला पाणी मिळेल, हे नळ सोडून दाखवलं. एप्रिल-मेमध्ये वरची खोली तापते, तेव्हा तिनं खालची घ्यावी, म्हणाले. दाराच्या आतली कडी सैल आहे. एकटं राहणाऱ्या माणसाला ती घट्ट लागेल, उद्या बसवतो. सुप्रियानं कडी दोनदा सरकवून पाहिली. अठरा मिनिटं झाली होती. मग ती म्हणाली, "येते मी थोड्या वेळानं," आणि गेटातून निघून पिवळ्या गेटात शिरली.

भैय्याजी गेटाशी उभे राहिले. आत ती काय विचारत असेल, हे त्यांना माहीत होतं: माणूस कसा आहे? आणि त्याचं उत्तर सुखदेव देणार होता. ते उत्तर जर चांगलं निघालं, तर त्याचे आभार मानावे लागतील. वाईट निघालं, तर किल्ल्या त्याच्या खिळ्याला जातील. ज्याच्या दारात आपलं भलंबुरं ठरतं, त्याचा हेवा कसा सोडायचा? घड्याळात नऊ मिनिटं गेली. सुप्रिया बाहेर आली, रस्त्यावरूनच त्यांना हात केला आणि बस पकडायला धावली. त्या हाताचा अर्थ काय, ते भैय्याजींना संध्याकाळपर्यंत लावता आला नाही. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी कडी बसवली.

हनुमान जयंतीच्या दिवशी इंदू दर्शनाला निघायच्या तयारीनं, नवं लुगडं नेसून, किल्ल्यांचा जुडगा मागायला इमारतीवर आली तेव्हा मोटर सुरू होती आणि भैय्याजी गच्चीवर होते. सकाळचे साडेसात वाजले होते. पिवळ्या गच्चीवर त्रेचाळीस कपडे वाळत होते. निळ्या गच्चीवर एकोणीस, आणि त्यांत एक पांढरा कोट. कुलुपं दोन.